जपानी कलेतील पुष्प-पक्षिचित्रण

जपानच्या पारंपरिक चित्रकलेतील एक प्रमुख चित्रप्रकार. जपानी भाषेत त्यास ‘काचो-गा’ अशी संज्ञा आहे. ‘का’ म्हणजे फूल, ‘चो’ म्हणजे पक्षी व ‘गा’ म्हणजे चित्र. संज्ञेत फुले व पक्षी यांचाच निर्देश असला, तरी वृक्ष, गवत, कीटक, मासे व लहान प्राणी यांचाही अंतर्भाव या प्रकारात होतो. पडदे, सरकती दारे, लोंबत्या गुंडाळ्या, पंखे व ठसेचित्रे यांवर तो आढळतोच; शिवाय लाखेची भांडी, चिनी मातीची पात्रे, किमोनोची वस्त्रे व तलवारीच्या मुठीजवळील धातूच्या चकत्या यांवरील अलंकरणातही त्याला महत्त्वाचे स्थान आहे.

हा चित्रप्रकार वरवर पाहता निसर्गाचे साधे चित्रण वाटतो. वस्तुतः त्यात दिसणारा निसर्ग हा निवडलेला, जोड्यांत बांधलेला व ऋतूंनुसार लावलेला निसर्ग होय. कोणत्या फुलाशेजारी कोणता पक्षी यावा, हे चित्रकाराच्या निरीक्षणाने ठरण्यापूर्वी बहुधा काव्याने व संकेताने ठरलेले असे. या संकेताचे बळ आणि प्रत्यक्ष पाहण्याची ओढ यांच्यातील ताण हेच या चित्रप्रकाराच्या सु. एक हजार वर्षांच्या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे.

चिनी परंपरा व जपानमधील आगमन : पुष्प-पक्षिचित्रणाचा उगम चीनमध्ये झाला. मानवाकृती, निसर्गदृश्ये आणि फुले व पक्षी असे चित्रविषयांचे तीन मुख्य वर्ग चिनी परंपरेत मानले जातात. यांपैकी तिसऱ्या वर्गाला थांग काळाच्या उत्तरार्धात स्वतंत्र रूप येऊ लागले. दहाव्या शतकात ह्वांग च्वान याने सूक्ष्म बाह्यरेषा व नाजूक रंगभरण यांवर आधारलेली दरबारी शैली रूढ केली, तर श्यू शी याच्या नावाशी शाईच्या मुक्त फटकाऱ्यांची शैली निगडित आहे. सुंग सम्राट ह्वेइ-त्सुंग (कार. ११००–२६) हा स्वतः पुष्प-पक्षिचित्रकार होता व त्याच्या दरबारात या चित्रणाला मोठी प्रतिष्ठा लाभली.

जपानमध्ये हे विषय प्रथम अलंकरणाच्या रूपाने आले. सम्राट शोमू याच्या निधनानंतर त्याच्या वस्तू सम्राज्ञी कोम्यो हिने ७५६ मध्ये नारा येथील तोदाई-जी या मठास अर्पण केल्या. शोसोइन या लाकडी भांडारात जतन केलेल्या या संग्रहातील अनेक वस्तूंवर चोचीत फुलांची डहाळी धरलेल्या पक्ष्यांची आकृती आढळते. याच संग्रहात वृक्षाखाली उभ्या असलेल्या स्त्रियांची चित्रे असलेला सहा फलकांचा पडदा आहे. त्यावरील वेशभूषा थांग चीनची असून ती मुळात पक्ष्यांची पिसे चिकटवून सजवलेली होती. आज पिसांचे थोडेच अवशेष उरले आहेत. परंतु ती पिसे यामादोरी या जपानमध्येच आढळणाऱ्या फेझंट जातीच्या पक्ष्याची असल्याचे तपासणीत सिद्ध झाले. विषय व रूप चिनी, पिसे मात्र जपानी, असे हे उदाहरण पुढील इतिहासाची दिशा सुचविणारे आहे.

काव्य आणि महिन्यांचे चक्र : हेइआन काळात (७९४–११८५) क्योतोच्या दरबारी संस्कृतीने या विषयांना जपानी रूप दिले. राजाज्ञेने ९०५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या कोकिनशू या काव्यसंग्रहाच्या वीस भागांपैकी पहिले सहा ऋतूंना वाहिलेले आहेत : वसंत व शरद यांना प्रत्येकी दोन आणि ग्रीष्म व हिवाळा यांना प्रत्येकी एक. चार ऋतूंची चित्रे आणि बारा महिन्यांची चित्रे (त्सुकिनामि-ए) पडद्यांवर रंगविण्याची व त्यांवर कविता रचण्याची प्रथा याच काळात बळावली. ते पडदे आज जवळजवळ सर्व नष्ट झाले आहेत. त्यांच्यासाठी रचलेल्या कवितांवरूनच त्यांची कल्पना येते.

या संकेतांना सर्वांत नेमके रूप दिले ते फुजिवारा तेइका (११६२–१२४१) या कवीने. त्याने १२१४ मध्ये बारा महिन्यांची बारा फुले व बारा पक्षी यांवर चोवीस कविता रचल्या. पहिल्या महिन्यात वाळुंज व उगुइसू हा वटवट्याच्या जातीचा गायक पक्षी. दुसऱ्यात चेरी व फेझंट. तिसऱ्यात विस्टेरियाची फुले व चंडोल. चौथ्यात उनोहानाची पांढरी फुले व होतोतोगिसू हा कोकिळ-कुलातील पक्षी. पाचव्यात ताचिबाना या रानटी संत्र्याचा बहर व पाणकोंबडी. सहाव्यात तोकोनात्सू हे रानफूल व पाणकावळा. सातव्यात ओमिनाएशीची पिवळी फुले व मॅगपाय. आठव्यात हागीचे झुडूप व पहिले रानहंस. नवव्यात सुसुकी गवताचे तुरे व लावा. दहाव्यात हंगामाअखेरची शेवंती व क्रौंच. अकराव्यात लोकाटचा मोहोर व चिखल्या आणि बाराव्यात लवकर फुललेला उमे वृक्ष व जलपक्षी, असा हा क्रम आहे. (उमे हा अलुबुखार व जर्दाळू यांच्या जवळचा वृक्ष.)

या यादीतील सातव्या महिन्याचा पक्षी विशेष लक्षणीय आहे. त्या महिन्याच्या सातव्या रात्री मॅगपाय पक्षी आकाशगंगेवर पंखांचा पूल बांधतात व दोन वियुक्त तारका-प्रेमिकांची भेट घडवितात, अशी चिनी आख्यायिका आहे. तेइकाच्या काळी क्योतोच्या परिसरात हा पक्षी आढळत नव्हता. म्हणजे यादीतील काही पक्षी अंगणातून आले, तर काही ग्रंथातून. चित्रकारांनी मात्र दोहोंना सारखाच मान दिला.

भारतीय बारामासा चित्रमालिकांतही महिने हेच सूत्र असते. परंतु तेथे ऋतू हा नायक-नायिकांच्या भावावस्थेची पार्श्वभूमी असतो. जपानी मालिकांत माणूस बहुधा नसतोच. फूल व पक्षी यांच्या जोडीवरूनच विरह, प्रतीक्षा, वार्धक्य वा आनंद सूचित होतो व तो ओळखण्यासाठी प्रेक्षकाला काव्याची जाण असावी लागते.

मठ व गढ्या : शाईचित्रणाची चिनी परंपरा झेन मठांद्वारे जपानमध्ये रुजली. तेराव्या शतकातील मू-ची (जपानी उच्चार मोक्केई) या चिनी भिक्षूचे कार्य चीनपेक्षा जपानमध्ये अधिक आदराने जपले गेले. मध्यभागी शुभ्रवस्त्रा क्वान-यिन, एका बाजूस क्रौंच व दुसऱ्या बाजूस वानर असे त्याचे चित्रत्रय क्योतो येथील दाइतोकु-जी मठात आहे व त्यातील क्रौंच पुढील पिढ्यांतील जपानी चित्रकारांना आदर्शवत वाटला. सेश्शू (१४२०–१५०६) हा भिक्षू-चित्रकार १४६७ ते १४६९ या काळात मिंग चीनमध्ये राहून आला. चार ऋतूंतील फुले व पक्षी दाखविणारे काही भव्य पडदे त्याच्या नावावर आहेत. कानो मोतोनोबू (१४७६–१५५९) याने शाईची दणकट रेषा व यामातो-ए या देशी शैलीतील तेजस्वी रंग यांचा मेळ घातला. दाइतोकु-जीच्या आवारातील दाइसेन-इन या उपमठासाठी त्याने केलेली पुष्प-पक्षिचित्रे या मेळाचे आरंभीचे उदाहरण होत.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस सरदारांनी उभारलेल्या गढ्यांमुळे या चित्रप्रकाराचा आकार एकदम वाढला. अंधाऱ्या दालनांत प्रकाश परावर्तित करणारा सोन्याचा वर्ख, त्यावर मॅलॅकाइटचा हिरवा, अझुराइटचा निळा व शिंपल्यांच्या चुऱ्यापासून केलेला पांढरा (गोफुन) असे खनिज रंग सरसात कालवून लावले जात. कानो एइतोकू (१५४३–९०) याच्या पाइन व उमे वृक्षांच्या फांद्या एका फलकातून दुसऱ्यात पसरत जातात. ओदा नोबुनागा याच्या आझुची गढीतील दालने त्याने पक्षी, वृक्ष व मानवाकृती यांनी सजविली होती. ती गढी १५८२ मध्ये जळाली व तिच्यासह ही चित्रेही नष्ट झाली. हासेगावा तोहाकू (१५३९–१६१०) याचा मेपल वृक्ष व त्याचा पुत्र क्यूझो याचा चेरी वृक्ष क्योतोच्या चिशाकु-इन मठात आजही आहेत.

या चित्रणाला राजकीय अर्थही होता. क्योतोच्या निजो गढीत १६२६ मध्ये कानो तान्यू (१६०२–७४) व त्याच्या सहकाऱ्यांनी शोगुनच्या सभादालनात प्रचंड पाइन वृक्ष व ससाणे रंगविले. तेथे येणाऱ्या सरदारांना त्यातून सत्तेचा धाक जाणवावा, हा हेतू उघड होता. सहा फलकांच्या पडद्यांच्या जोडीवर उजवीकडे वसंत व डावीकडे हिवाळा अशी रचना करून वर्षाचे सर्व ऋतू एकाच दालनात एकत्र आणणे, हेही स्वामित्वाचेच एक रूप मानता येईल.

कानो घराणे तोकुगावा शोगुनांचे अधिकृत चित्रकार झाल्यावर शिक्षण नमुनाचित्रांच्या (फुनपोन) नकलांवर आधारले गेले. त्यामुळे दर्जा टिकला. पण पक्षी पाहून नव्हे, तर पक्ष्याचे चित्र पाहून पक्षी काढण्याची सवय जडली. तान्यूने स्वतः मात्र वनस्पती व पक्षी यांची प्रत्यक्ष पाहून केलेली रेखाटने मागे ठेवली आहेत, हे उल्लेखनीय आहे.

रिंपा संप्रदाय : सतराव्या शतकाच्या आरंभी क्योतोत तावाराया सोतात्सू व होनआमी कोएत्सू यांनी काव्य, सुलेखन व चित्र यांचा नवा संगम साधला. त्यांच्या संयुक्त गुंडाळीवर सोने-चांदीच्या रंगांतील क्रौंचांचा थवा उडत जातो व त्यावर कोएत्सूने कविता लिहिल्या आहेत. ओगाता कोरिन (१६५८–१७१६) याने आकारांचे सुलभीकरण केले. त्याच्या आयरिस फुलांच्या पडद्यांवर (नेझू संग्रहालय, तोक्यो) सोनेरी पार्श्वभूमी, निळी फुले व हिरवी पाने यांखेरीज काहीही नाही. ओल्या रंगात दुसरा रंग सोडून त्यांचे डाग एकमेकांत मिसळू देण्याची ‘ताराशिकोमी’ ही पद्धत या संप्रदायाचे वैशिष्ट्य होय. त्याचा भाऊ केन्झान याने १७०२ मध्ये तेइकाच्या बारा महिन्यांवर चौरस तबकांचा संच केला : एका बाजूस चित्र व दुसऱ्या बाजूस कविता. पाच शतकांपूर्वीचे काव्य असे जेवणाच्या भांड्यांवर उतरले. पुढे एदोमधील साकाई होइत्सू याने १८२३ मध्ये बारा महिन्यांच्या बारा गुंडाळ्या रंगविल्या. तेइकाच्या जोड्यांत त्याने मोकळेपणाने बदल केले. म्हणजे यादी बदलली, तरी महिन्यांचे चक्र अबाधित राहिले.

प्रत्यक्ष निरीक्षणाचा पुरस्कार : अठराव्या शतकात नमुनाचित्रांविषयी असमाधान वाढले. शेन नानपिन हा चिनी चित्रकार १७३१ मध्ये नागासाकीला आला व १७३३ पर्यंत तेथे राहिला. पिसान्‌पीस दाखविणाऱ्या त्याच्या शैलीचा प्रभाव त्याच्या अल्प वास्तव्याच्या मानाने फार मोठा होता. याच काळात वनौषधिशास्त्राच्या अभ्यासाला उत्तेजन मिळाले व सचित्र ग्रंथांसाठी अचूक रेखाटनांची गरज निर्माण झाली.

इतो जाकुचू (१७१६–१८००) हा क्योतोच्या निशिकी बाजारातील भाजीच्या घाऊक व्यापाऱ्याचा मुलगा. वयाच्या चाळिशीत व्यवसाय भावाकडे सोपवून तो पूर्णवेळ चित्रकलेकडे वळला. कानो शैली व चिनी चित्रांच्या नकला यांचा अभ्यास केल्यावर, नकलेची नक्कल करून आपण मूळ चित्रकारांना गाठू शकणार नाही, अशी त्याची खात्री झाली. त्याने घराच्या अंगणात कित्येक डझन कोंबड्या पाळल्या व दीर्घकाळ त्यांचेच निरीक्षण केले. काव्यसंकेतात कोंबड्याला फारसे स्थान नव्हते. त्यामुळे हा विषय त्याच्या डोळ्यांना मोकळा मिळाला. सु. १७५७ ते १७६६ या काळात त्याने रेशमावर सजीवांचे रंगीत जग  या अर्थाच्या नावाची (दोशोकु साइ-ए) तीस चित्रांची मालिका केली व ती शोकोकु-जी मठास अर्पण केली. रेशमाच्या मागील बाजूनेही रंग लावून पुढील रंगाला खोली देण्याची रीत त्याने कौशल्याने वापरली. एका चित्रातील पांढऱ्या फिनिक्सची पिसे सोनेरी भासतात. पण त्यांत सोने नसून मागून लावलेला पिवळ्या मातीचा रंग आहे, असे आधुनिक परीक्षणात दिसून आले. मेइजी काळात मठ आर्थिक अडचणीत आला, तेव्हा १८८९ मध्ये ही मालिका राजघराण्याला देण्यात आली व त्याबदली मिळालेल्या दहा हजार येनमुळे मठाला आपली जमीन राखता आली. २०२१ मध्ये तिला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा देण्यात आला.

मारुयामा ओक्यो (१७३३–९५) याने ‘शासेइ’ म्हणजे प्रत्यक्ष पाहून रेखाटन हे शिक्षणाचे सूत्र बनविले. त्याच्या रेखाटनवह्यांत एकाच वस्तूचे निरनिराळ्या बाजूंनी केलेले अभ्यास आढळतात. तथापि ओक्यो वा जाकुचू यांनी संकेत टाकून दिला नाही. ऋतू, जोड्या व शुभार्थ तसेच ठेवून त्यांनी त्यांत पाहिलेला पक्षी बसविला.

ठसेचित्रे व लोकप्रसार : १७६५ मध्ये बहुरंगी लाकडी ठशांचे तंत्र पूर्णत्वास गेल्यावर हा चित्रप्रकार सामान्य नागरिकांच्या घरांत पोहोचला. कितागावा उतामारो याने १७९० च्या सुमारास पक्ष्यांवरील विनोदी कवितांचे सचित्र पुस्तक केले. होकुसाई (१७६०–१८४९) याने १८३० नंतरच्या काही वर्षांत फुलांच्या दोन मालिका केल्या. त्यांत वाऱ्याने उलटलेली पाकळी व तिच्याशी झुंजणारा कीटक यांना महत्त्व आहे. हिरोशिगे (१७९७–१८५८) याने उभ्या अरुंद कागदावर एक पक्षी, एक फूल व एक लहान कविता अशी रचना लोकप्रिय केली. बगळ्याची पांढरी पिसे दाखविण्यासाठी शाई न लावता ठसा दाबून कागदावर उठाव आणला जाई. हानाफुदा या अठ्ठेचाळीस पानांच्या पत्त्यांच्या संचातही बारा महिन्यांची विभागणी असून पाइन व क्रौंच, उमे व उगुइसू, विस्टेरिया व होतोतोगिसू या जोड्या आहेत. दरबारी काव्याचा हा वारसा अशा प्रकारे पत्त्यांच्या डावात टिकला.

आधुनिक काळ : १ जानेवारी १८७३ पासून जपानने पाश्चात्त्य सौर पंचांग स्वीकारले. जुन्या चांद्र-सौर महिन्यांपेक्षा नवे महिने सु. एक महिना आधी येत असल्याने फुले व महिने यांचा मेळ ढळला. तरीही जोड्या कायम राहिल्या. दरम्यान यूरोपात जपानी ठसेचित्रांचा प्रभाव पसरत होता. फेलिक्स ब्राकमों याने १८६६ मध्ये होकुसाईच्या पुस्तकांतील पक्षी व मासे फ्रेंच भांड्यांवर उतरविले. वातानाबे सेइतेइ (१८५२–१९१८) हा चित्रकार १८७८ मध्ये पॅरिसला गेला. तोक्योच्या आकासाका राजवाड्यातील (१९०९) एका दालनात त्याच्या रेखाटनांवरून मिनाकामात केलेले पुष्प-पक्ष्यांचे तीस फलक आहेत. ओहारा कोसोन (१८७७–१९४५) याची पक्ष्यांची ठसेचित्रे मुख्यतः परदेशी ग्राहकांसाठी होती. उएमुरा शोको (१९०२–२००१) याने नारा येथील आपल्या निवासस्थानी मोठ्या संख्येने पक्षी पाळून विसाव्या शतकात ही परंपरा पुढे नेली.

चित्रातील पक्षी व रानातील पक्षी : दीर्घायुष्याचे प्रतीक म्हणून पाइन वृक्षावर बसलेला, डोक्यावर लाल ठिपका असलेला क्रौंच शेकडो चित्रांत आढळतो. प्रत्यक्षात हा पक्षी पाणथळ जमिनीवर राहतो व तेथेच घरटे करतो. त्याचे मागचे बोट आखूड व वर असल्याने त्याला फांदी पकडता येत नाही. जपानमध्ये पाइन वृक्षावर घरटे बांधणारा मोठा पांढरा पक्षी म्हणजे कोनोतोरी हा करकोचा होय. दुरून सारख्या दिसणाऱ्या या दोन पक्ष्यांचा घोटाळा या संकेतामागे असावा, असे मानले जाते. उडत्या क्रौंचाची शेपटीही अनेक चित्रांत काळी दाखविलेली असते. वस्तुतः ती पांढरी असते. पक्षी उभा असता तिच्यावर पडणारी पंखांची काळी पिसे शेपटीसारखी दिसतात.

तोकुगावा काळात क्रौंचाची शिकार सामान्यांना निषिद्ध होती. १८६८ नंतर हे निर्बंध सैल झाले, पाणथळी शेतीखाली आल्या व क्रौंच नामशेष झाला असे मानले जाऊ लागले. १९२४ मध्ये होक्काइदोतील कुशिरोच्या दलदलीत थोडे पक्षी आढळले. संरक्षणामुळे व १९५२ पासून हिवाळ्यात धान्य घालण्याच्या उपक्रमामुळे त्यांची संख्या पुढे एक हजारावर गेली. कोनोतोरीचे दैव अधिक कठोर ठरले. शिकार, युद्धकाळातील पाइन वृक्षांची तोड व कीटकनाशके यांमुळे जपानमधील शेवटचा रानटी कोनोतोरी १९७१ मध्ये तोयोओका येथे मरण पावला. १९८५ मध्ये खबारोव्हस्कहून आणलेल्या पिलांपासून वीण करून २००५ मध्ये तेथेच पाच पक्षी मोकळे सोडण्यात आले व २००७ मध्ये रानात जन्मलेले पिलू प्रथमच उडाले.

या चौतीस वर्षांच्या काळात जपानच्या रानात कोनोतोरी नव्हता; पण ज्या चित्रात तो बहुधा क्रौंचाच्या नावाने बसला होता, ते चित्र लग्नाच्या किमोनोवर व नववर्षाच्या शुभेच्छापत्रांवर नित्य छापले जात होते. संकेताने पक्ष्याची स्मृती टिकविली; त्याची अनुपस्थिती मात्र झाकून ठेवली. पुष्प-पक्षिचित्रणाची श्रेष्ठ उदाहरणे ही परंपरेने दिलेली जोडी स्वीकारूनही तिच्यातील पक्षी पुन्हा पाहणाऱ्या चित्रकारांची आहेत, याचे कारणही हेच होय. संकेत चित्राला अर्थ देतो. त्या अर्थाला प्राण येतो तो पाहण्याने.